नाव नसलेले अंजिराचे झाड

शास्त्रपाठ : योहान १:४३-५१, लूक १३:६-९



सध्या ज्या गावी आम्ही सेवेस आहो, तेथे पाळकांच्या घरामागे, न्हाणीच्या पाण्याच्या पाटाला लागून अंजिराचे एक झाड आहे. ते कोणी लाविले हे मंडळीतील कोणासही निश्चित सांगता येत नाही. पूर्वी कोणीतरी त्याच्या खोडास तारेने पत्र्याची चिठ्ठी बांधिली होती. ती तार आता सालीत रुतली आहे आणि चिठ्ठी इतकी गंजली आहे की, तीवर आरंभी 'प' होता की 'य' होता ह्याविषयी आमच्या घरातच दोन पक्ष आहेत. आम्ही येथे आलो त्या वर्षी झाडास फळे पुष्कळ धरली, परंतु सुपारीएवढी झाली न झाली तोच गळून पडली. दुसऱ्या वर्षीही तसेच झाले. तेव्हा हे झाड आहे तरी कोणत्या जातीचे, हे शोधून काढावे असे आम्ही मनात घेतले. त्याच दिवसांत दुसऱ्या एका बाबतीतही आमच्याकडे मुळाची चौकशी झाली होती. ती गोष्ट पुढे येईल, कारण तीवाचून झाडाची गोष्ट सांगण्यात अर्थ नाही.

प्रथम आम्ही पाने पाहिली. वरून खरखरीत, पाच बोटे पसरल्यासारखे पान. मंडळीतील एका तरुणाने आपल्या मोबाईलने त्याचे छायाचित्र घेतले आणि त्या यंत्राने क्षणार्धात एक विलायती नाव सांगितले. आम्हांस मोठा आनंद झाला. मग त्याच झाडाच्या दुसऱ्या फांदीचे पान दाखविले, तेव्हा यंत्राने तितक्याच खात्रीने दुसरे नाव सांगितले. ह्यात यंत्राचा एकट्याचा दोष नव्हे. अंजिराच्या एकाच झाडावर तीन पाकळ्यांची, पाच पाकळ्यांची, आणि कोठे कोठे मुळीच न कातरलेली अशी निरनिराळी पाने असतात. कोवळ्या फोकावर एक, जुन्या फांदीवर दुसरे. केवळ पान पाहून जात सांगणे म्हणजे केवळ अंगरखा पाहून माणसाचे मन सांगण्यासारखे आहे.

मग आम्ही पुस्तकांकडे वळलो. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांती आयरा काँडिट नावाच्या विद्वानाने अंजिराचा जन्मभर अभ्यास केला, आणि १९५५ साली त्याने अंजिराच्या जातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात सहाशेंहून अधिक जातींचे वर्णन आहे. इतक्या जाती, आणि त्यांची नावे त्याहूनही अधिक. कारण एका झाडास एका गावी एक नाव, तर दुसऱ्या गावी दुसरे. ह्याच्या उलटही होते. 'ब्राऊन टर्की' ह्या नावाने इंग्लंडात जे झाड ओळखतात ते वेगळे, आणि त्याच नावाने कॅलिफोर्नियात जे विकतात ते वेगळे. तेव्हा चिठ्ठी गंजली नसती तरीदेखील ती खरी असतीच असे नाही.

येथे कलमाची एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पुरंदर तालुक्यातील शेतकरी अंजिराची लागवड बी पेरून करीत नाहीत. फांदीचे छाट लावून किंवा गुटी बांधून करितात. म्हणून एका जातीची हजारो झाडे म्हणजे खरे पाहता एकाच झाडाच्या फांद्या होत, आणि मूळ झाडाचे नाव त्यांस हक्काने मिळते. परंतु बियांपासून उगवलेले रोप आईबापांपैकी कोणाचीच हुबेहूब प्रत नसते. त्यास पूर्वीचे कोणतेही नाव लागू पडत नाही. आमचे झाड पाटाच्या कडेला असे उगवले आहे की, कोणी खाऊन टाकलेल्या सुक्या अंजिराच्या बीपासून तर ते आले नसेल ना, अशीही शंका येते. तसे असल्यास त्याचे नाव सहाशे जातींच्या ग्रंथात कितीही शोधले तरी सापडणार नाही.

परंतु हा विचार आम्हांस तेव्हा सुचला नाही. आम्हांस सुचले ते दुसरेच, आणि ते आमच्या विद्वत्तेमुळे सुचले. स्मर्ना शहराविषयी आम्ही वाचले होते. प्रकटीकरणाच्या दुसऱ्या व तिसऱ्या अध्यायांत ज्या सात मंडळ्यांस पत्रे आहेत त्यांपैकी हे एक. आज ते तुर्कस्तानात इझमीर ह्या नावाने प्रसिद्ध आहे. तेथील अंजीर जगात नावाजलेले. १८८०च्या सुमारास कॅलिफोर्नियातील बागाइतदारांनी स्मर्नाहून हजारो कलमे आणविली. झाडे वाढली, फळे धरली, आणि वर्षानुवर्षे कोवळेपणीच गळत राहिली. स्मर्नाच्या व्यापाऱ्यांनी आपणांस फसवून कुचकामाची कलमे दिली, असे काहींनी मानिले. वास्तविक त्या जातीस एका चिलटाएवढ्या कीटकाची गरज असते. तो रानटी नर अंजिरात जन्मतो, फळाच्या टोकाच्या बारीक डोळ्यातून आत शिरतो आणि आतल्या फुलांस पराग देतो. तो कीटक तेथे नव्हता. १८९९ साली तो आणून वसविण्यात यश आले, तेव्हा फळे टिकू लागली. झाडे पहिल्यापासून चांगलीच होती.

आपल्याकडे 'उंबराचे फूल' म्हणतात ते ह्याच कारणाने. उंबर आणि अंजीर एकाच कुळातील. दोहोंची फुले फळाच्या पोटात असतात, म्हणून बाहेरून ती कोणास दिसत नाहीत. आपल्या मराठी शास्त्रात जक्कय ज्या झाडावर चढला त्यास उंबर म्हटले आहे. ते झाड आपल्या उंबराचे भाऊबंद खरे, परंतु आपले उंबर नव्हे. भाषांतर करणाऱ्यांपुढेही आमच्यासारखेच अनोळखी झाड उभे होते, आणि त्यांनी जवळच्यात जवळचे नाव दिले. त्यांचे काम आमच्याहून प्रामाणिक झाले असे म्हणावे लागते. कारण आम्ही झाडास स्मर्ना असे नाव देऊन मोकळे झालो, आणि हा कीटक येथे कोठून येणार, तस्मात् हे झाड निरुपयोगी, असा निकाल दिला. पुण्याकडच्या अंजिरास ह्या कीटकाची गरज नसते हे आम्हांस ठाऊक होते. परंतु हे झाड पुण्याकडचे नसावे असे आम्ही आधीच ठरवून टाकले होते. कॅलिफोर्नियाची गोष्ट झाडाच्या बाजूची आहे. आम्ही ती झाडाविरुद्ध वाचली. शनिवारी कुऱ्हाड आणावी असे आवारातील माणसास सांगितले.

शुक्रवारी मंडळीतील एक वृद्ध बाई दुधाचे पैसे घेण्यास आल्या. त्यांचे माहेर पुरंदर तालुक्यात. लहानपण अंजिराच्या बागांत काढणीच्या मजुरीवर गेले. आम्ही त्यांस मोठ्या दिमाखाने स्मर्नाची हकीकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली, मग एक पान तोडून उलटे केले आणि त्यावरून बोट फिरविले. बोटास विटकरी भुकटी लागली.

"साहेब, जात कसली इचारताय, आधी आजार बघा. ह्यो तांबेरा हाय."

आम्ही म्हटले, "आजी, पण फळे गळतात."

"पान गळल्यावर फळ कशाच्या जिवावर ऱ्हाईल? आन पाणी बी बघा की. पाव्हणे आले की चार आंघोळ्या, न्हाईतर एक. झाडाला एक दिस पूर आन आठ दिस उपास." मग खोडाकडे पाहून त्या म्हणाल्या, "ही तार आधी काढा. गळ्यात फास ठेवून नाव कशाचं इचारायचं?"

त्यांनी एक वर्ष मागून घेतले. लूककृत शुभवर्तमानातील माळ्याची गोष्ट त्यांच्या मनात होती की नाही हे आम्ही विचारले नाही. आमच्या मनात मात्र ती आली, आणि तीत आपली जागा कोणती हेही दिसले. आम्ही माळी नव्हतो, कुऱ्हाड मागणारे होतो.

आता ती दुसरी गोष्ट. आमच्या मंडळीत एक तरुण दोन वर्षांपासून उपासनेस येतो. तो अगदी लहान असता रेल्वेच्या फलाटावर सापडला, अनाथगृहात वाढला, यंत्रकाम शिकून जवळच्या कारखान्यात लागला. रविवारच्या शाळेत लहान मुलांचा वर्ग तोच घेतो, आणि पावसातसुद्धा त्याचा वर्ग चुकलेला आम्हांस आठवत नाही. शेजारच्या मंडळीतील एका गृहस्थांनी आपल्या मुलीसाठी त्याची चौकशी आमच्याकडे पत्राने केली. आम्ही उत्तर लिहिले की, मुलगा चांगला आहे, मात्र त्याचे घराणे व मूळ ह्यांविषयी आम्हांस काही सांगता येत नाही, तरी आपण विचार करून पाहावे. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. सोयरीक मोडली. त्या तरुणास हे कळल्यावाचून राहिले नाही. पुढील रविवारी त्याने नित्याप्रमाणे वर्ग घेतला, आणि उपासना आटोपल्यावर आम्हांस एवढेच विचारले, "पाळकसाहेब, माझ्याविषयी तुम्हांला जे ठाऊक नव्हते ते तुम्ही लिहिले. जे ठाऊक होते ते का नाही लिहिले?"

बंधुभगिनींनो, आम्हांस उत्तर देता आले नाही.

आपल्या मंडळ्यांत ही चौकशी कशाची असते हे आपण सर्व जाणतो. बाप्तिस्म्याच्या दिवशी आपण सर्व एक आहो असे गातो, आणि सोयरिकीच्या दिवशी आजोबा कोणत्या वाड्यातले होते हे हळूच विचारतो. चार पिढ्या ख्रिस्ती असलेल्या घरांतूनही हे चालते. आम्ही पाळक लोक व्यासपीठावरून त्याविरुद्ध बोलतो, आणि पत्रात मात्र 'विचार करून पाहावे' असे लिहितो.

नथनेलाने हेच केले. फिलिप्पाने त्यास येशूविषयी सांगितले, तेव्हा त्याने प्रथम गावाचे नाव धरले. नासरेथातून चांगले काही निघेल, हेच त्यास संभवनीय वाटेना. तो दुष्ट मनुष्य नव्हता. शास्त्र जाणणारा होता, आणि शास्त्रात मशीहाच्या गावाचे नाव बेथलेहेम आहे, नासरेथ नव्हे. त्याच्या दृष्टीने चिठ्ठी जुळत नव्हती. येथे फिलिप्पाचे शहाणपण पाहा. येशूचा जन्म कोठे झाला, वंश कोणता, हे सांगत तो बसला नाही. त्याने नथनेलास स्वतः येऊन पाहण्यास सांगितले. आणि मग जे घडते ते आम्हांस दर वाचनी नवे वाटते. नथनेल येशूस पाहण्यास आला, तो आपण आधीच पाहिले गेलो आहो असे त्यास आढळले. आणि तेही अंजिराच्या झाडाखाली. प्रभूने त्याच्या गावाचा उल्लेख केला नाही. नथनेल गालीलातील काना गावचा होता हे योहानाच्या शेवटच्या अध्यायावरून कळते, म्हणजे नासरेथास नावे ठेवणारा हा मनुष्य राजधानीतला नव्हता, जवळपासच्याच गावचा होता. तेही प्रभूने काढून दाखविले नाही. त्याने त्याच्या ठायी जे चांगले होते, म्हणजे त्याचे निष्कपट मन, तेवढेच सर्वांदेखत सांगितले. जे ठाऊक होते ते सांगितले.

मत्तयाच्या सातव्या अध्यायात फळावरून झाड ओळखण्याविषयी जे सांगितले आहे, ते आपण शेजाऱ्याविरुद्ध फार लवकर वापरतो. ते वचन खोट्या संदेष्ट्यांविषयी आहे. शिवाय फळावरून ओळखावयाचे तर फळ पिकेपर्यंत थांबले पाहिजे, हे त्यात ओघानेच आले. सुपारीएवढे गळलेले फळ हातात घेऊन अंजीर कसे लागते हे कोणी सांगत नाही.

ह्याविषयी आम्हांस बोलण्याचा अधिकार आमच्या घराण्यामुळेही थोडा नाही, हे येथे कबूल करितो. १९०० साली गुजराथेत घोर दुष्काळ पडला असता पंडिता रमाबाईंनी तेथून शेकडो मुली केडगावास आणिल्या. आमची पणजी त्यांत एक होती. तिच्या आईबापांची नावे, गाव, जात, काही कोणास ठाऊक नाही; तिला स्वतःलाही नव्हते. ती मराठी बोले, परंतु भाकरी मोजताना 'एक, बे, त्रण' असे मोजी, असे आमची आजी सांगे. एवढेच काय ते पान उरले आहे. त्यावरून प्रांत कळतो, घर कळत नाही. रमाबाईंच्या येथे तिला नाव, अक्षरओळख आणि हातमागाचे काम मिळाले. पुढे लग्न झाले, आणि तिच्या पोटी जे वंश चालले त्यातून एक शिक्षक, दोन परिचारिका आणि आम्ही निघालो. तिच्या लग्नाच्या वेळी कोण्या पाळकाने 'मूळ सांगता येत नाही, विचार करून पाहावे' असे लिहिले असते, तर हे पत्र लिहावयास आम्ही नसतो. हे आम्हांस लहानपणापासून ठाऊक होते, आणि तरीही आम्ही ते वाक्य लिहिले.

झाडाची निगा आजींच्या सांगण्याप्रमाणे झाली. ज्या वाचकांच्या दारी अंजीर आहे त्यांच्यासाठी सांगतो. प्रथम तार कापून काढिली. सालीत तिची खोल खाच पडली होती. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर, छाटणी केली आणि तांबेऱ्याची गळलेली पाने एकूण एक वेचून जाळिली. मोरचूद १०० ग्रॅम व चुना १०० ग्रॅम वेगवेगळे भिजवून १० लिटर पाण्यात एकत्र केले आणि नव्या पालवीवर पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारले. हे काम धातूच्या भांड्यात करू नये. आळे करून शेणखत घातले, आणि पाण्याचा नेम बांधला, पाहुणे असोत वा नसोत. आजी दर शुक्रवारी दुधाच्या पैशांच्या निमित्ताने येत आणि पान उलटे करून पाहत.

मार्चच्या मध्यास पहिले फळ पिकले. एकंदर चाळीसएक फळे मिळाली. बुलबुलांनी नेली ती वेगळी. साल पिकल्यावरही हिरवीच, किंचित पिवळसर, आतला गर लालभडक, देठ आखूड, डोळा लहान. आजींनी एक चाखले आणि म्हणाल्या, "गोड हाय. पण आमच्याकडलं न्हवं." पुरंदरचे अंजीर जांभळट सालीचे, २०१६ साली त्यास भौगोलिक मानांकन मिळाले ते आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. तेव्हा हे ते नव्हे. कीटकावाचून फळ टिकले, म्हणून स्मर्नाही नव्हे. कृषिविद्या शिकलेल्या एका स्नेह्यांनी सांगितले की, हिरव्या सालीच्या व लाल गराच्या जाती पुष्कळ आहेत. अलीकडे पानाच्या अंशावरून आनुवंशिक परीक्षाही करिता येते, परंतु तिला मिळवून पाहण्यास नाव ठाऊक असलेले झाड लागते. झाड बीपासून उगवलेले असेल तर असे दुसरे झाड पृथ्वीवर कोठेच नसेल. तात्पर्य, दोन वर्षांच्या शोधानंतर आम्ही दोन नावे खोडिली आहेत आणि एकही मिळविले नाही.

झाडाजवळ आम्ही लाकडाची खुंटी रोविली आहे. खोडास काही बांधिले नाही. तीवर लिहिले आहे : अंजीर. जात ठाऊक नाही. मार्च-एप्रिलात पिकते. पिकल्यावर साल हिरवी, गर लाल. चवीस फार गोड.

पाहिले टोपलीभर अंजीर आम्ही त्या तरुणाच्या रविवारच्या वर्गात नेले, आणि मुलांसमोर नव्हे, नंतर एकांती, त्याची क्षमा मागितली. त्याने ती दिली. सोयरीक मोडली ती मोडलीच, असेही तो म्हणाला, आणि ते खरे आहे. त्याच रात्री आम्ही मुलीच्या वडिलांस दुसरे पत्र लिहिले. पहिल्या पत्रातील आमचे शब्द अपुरे होते हे कबूल करून, दोन वर्षांत आम्ही स्वतः डोळ्यांनी काय पाहिले ते लिहिले : तो पगारातून अनाथगृहातील धाकट्या मुलांच्या वह्यांसाठी दरमहा किती पाठवितो, कारखान्यात हाताला इजा झालेल्या सोबत्याच्या घरी तो महिनाभर कसा पाणी भरीत होता, वर्गातील कोणत्या मुलास वाचता येत नव्हते आणि आता येते. आमच्या पणजीविषयीही लिहिले. मूळाविषयी विचारल्यास आमचेही ठाऊक नाही, असे शेवटी लिहून सही केली.

ह्या सप्टेंबरअखेर पुन्हा छाटणी होईल. ज्या मंडळींस छाट हवे असतील त्यांनी ओले पोते घेऊन माणूस पाठवावा. मुलीच्या वडिलांचे उत्तर हे लिहीपर्यंत आलेले नाही. आम्ही वाट पाहत आहो, आणि आपणही त्या दोघांसाठी प्रार्थना करावी अशी विनंती आहे.